नभोवाणी गावकऱ्यांची

नभोवाणीच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. २००६ साली स्वयंसेवी संस्थांनाही प्रक्षेपणाची मुभा मिळाली. २००८ मध्ये, आज तेलंगणात असलेल्या माचनूर गावी दलित शेतकरी स्त्रियांनी ‘संगम रेडिओ’ सुरू केला. बियाणे विकत घ्या, असे कंपनीची जाहिरात सांगते. ज्वारी-बाजरीचे घरचे बियाणे कसे राखावे, हे तेथे शेजारीणच शेजारणीला सांगते. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडलाही ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र सुरू झाले.

परंतु केवळ यंत्रे बसविल्याने केंद्र लोकांचे होत नाही. ध्वनिक्षेपकासमोर गावकरी स्वतः बसतील, तरच ते त्यांचे. बंधुभगिनींनो, नुसते श्रोते राहू नका, बोलते व्हा!