मिळकत, विश्वास आणि सुख



पैशाने सुख मिळते काय, हा प्रश्न भरल्या पोटी चघळायला सोपा आहे. ज्याच्या घरी औषधाला पैसा नाही, त्याला ‘पैसा ही माया’ असे सांगणे हा वेदान्त नव्हे, निष्ठुरपणा होय. एवढे मान्य करूनच पुढे जाऊ.

रिचर्ड ईस्टरलिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1974 साली एक कोडे मांडले. एकाच देशात धनिक हे गरिबांहून अधिक सुखी असतात. परंतु सारा देश श्रीमंत झाला, तरी त्याचे सुख त्या मानाने वाढत नाही. पंडितांत यावर वाद आहे. पण त्याने दिलेले कारण आपल्या परिचयाचे आहे. आपण आपली मिळकत शेजाऱ्याच्या मिळकतीशी ताडून पाहतो. आपल्या मांजर्लीत दोन खोल्यांचे घर झाले की आनंद होतो. शेजाऱ्याने तीन खोल्यांचे घेतले की तो उतरतो!

शेजाऱ्याकडे पाहण्याची दुसरीही एक रीत आहे. ती विश्वासाची. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 40 देशांत 17,000 हून अधिक पाकिटे ‘सापडली’ म्हणून निरनिराळ्या कचेऱ्यांत देण्यात आली. बहुतेक देशांत रिकाम्या पाकिटांपेक्षा पैसे असलेल्या पाकिटांच्याच मालकांना अधिक वेळा कळवण्यात आले. माणूस आपण समजतो त्याहून बरा आहे. आणि हरवलेले पाकीट परत मिळेल असे ज्याला वाटते तो अधिक समाधानी असतो, असे जागतिक सुख-अहवाल सांगतो.

27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर आले. सरकारी पथकांबरोबर आसपासचे गावकरीही धावले. त्या वेळी कोणी कोणाचा पगार विचारला नाही.

मात्र विश्वास म्हणजे भोळेपणा नव्हे. आपली भिशी पाहा. कागद नाही, तारण नाही; तरी पहिल्या महिन्यात रक्कम उचलणारा शेवटपर्यंत हप्ता भरतो. का? सारे एकमेकांना ओळखतात आणि हिशेब सर्वांसमोर होतो. ओळख आणि चोख हिशेब, हे विश्वासाचे दोन पाय आहेत.

मिळकत वाढवणे सर्वस्वी आपल्या हाती नसते. शेजारच्या बंद दाराची कडी वाजवणे मात्र आपल्या हाती आहे. तेवढे केलेत, तर हे व्याख्यान सार्थकी लागले असे मी समजेन.