रेघ आणि हत्याराची वाट



बांधाच्या कडेने नांगरट करणारा शेतकरी नांगराचा फाळ बांधावरून नेत नाही. नेला, तर बांध कोरला जाईल आणि शेजारी भांडायला येईल. म्हणून तो थोडे अंतर राखून चालतो. बांध ही हद्द, फाळाची वाट वेगळी. आजच्या विषयाचे मर्म एवढ्यातच आले. संगणकावर काढलेल्या सपाट आकृतीवरून धातू कापणाऱ्या यंत्राला वाट कशी आखून देतात, हा तो विषय.

अशी यंत्रे कालपरवाची नव्हेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९५२ साली आकड्यांच्या आज्ञांवर चालणारे मिलिंग यंत्र दाखविण्यात आले. आज्ञा कागदी फितीवर भोके पाडून दिलेल्या असत. आज फीत गेली आणि संगणक आला, पण आज्ञा साध्याच राहिल्या: न कापता झपाट्याने जा, सरळ कापत जा, कमानीने वळ. यंत्राला एवढेच कळते.

आता एक उदाहरण घेऊ. ६० मिलिमीटर लांब, ४० रुंद आणि ६ जाड अशी लोखंडी पट्टी करायची आहे. तिच्या मधोमध २० मिलिमीटर व्यासाचे भोक हवे. कापणारे हत्यार, म्हणजे फिरता कटर, १० मिलिमीटर व्यासाचा आहे. कटरचा मध्य थेट रेघेवरून फिरवला तर काय होईल? तो रेघेच्या दोन्ही अंगांनी पाच-पाच मिलिमीटर खाईल. चाळीसची रुंदी तीसवर येईल आणि विसाचे भोक तीसचे होईल. म्हणजे भोक दोन्ही कडांना जाऊन भिडेल, अन् पट्टीचे दोन तुकडे हातात येतील! म्हणून बाहेरच्या कडेला वाट पाच मिलिमीटर बाहेरून हवी, भोकात पाच मिलिमीटर आतून.

तुम्ही म्हणाल, हा हिशेब संगणक करीलच की! करतो खरा, पण आत कोणते आणि बाहेर कोणते, हे त्याला आकृतीवरूनच कळायचे. दोन रेघांची टोके नीट जुळली नसतील, केसाएवढी फट राहिली असेल, तर कुंपणाला खिंडार पडल्यासारखे होते. आत-बाहेर ठरतच नाही. एकीवर एक अशा दोन रेघा पडल्या, तर तोच काप दोनदा घेतला जातो. आकृती इंचात आणि यंत्र मिलिमीटरमध्ये असेल, तर माप पंचवीस पटींहून अधिक चुकते.

शिवाय सपाट आकृतीत खोली नसते. ती माणसाने सांगायची. सहा मिलिमीटर एका दमात न कापता थोडे थोडे उतरत जायचे. क्रमही माणसानेच ठरवायचा: आधी भोक, मग बाहेरची कड. कारण कड सुटली की पट्टी मोकळी होते, आणि मोकळ्या पट्टीत अचूक भोक कसे पाडणार? यंत्र 'असे कसे?' म्हणून कधी विचारीत नाही. चुकीची आज्ञाही ते इमानाने पाळते, आणि कटर तरी मोडते किंवा माल तरी वाया जातो. म्हणून जाणता कारागीर पहिली फेरी कटर वर उचलून, हवेतच फिरवून पाहतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, 'भूमिती कशाला शिकायची?' असे मुले विचारतात, तेव्हा एक प्रयोग करून दाखवा. पुठ्ठ्याची गोल चकती कापा, तिच्या मध्यात पेन्सिलीचे टोक खुपसा आणि ती एका चौकोनी ठोकळ्याला टेकवून सभोवार फिरवा. बाजूंना समांतर रेघा उमटतील. कोपऱ्यांशी कमानी दिसतील. मग तीच चकती पेटीच्या आतून फिरवा. कोपऱ्याच्या टोकापर्यंत ती पोचणारच नाही. गोल कटरने आतला कोपरा धारदार का निघत नाही, हे मुलांना न सांगता उमजेल.

बटण दाबायला कोणीही चार दिवसांत शिकतो. पण आपल्या गावातला मुलगा किंवा मुलगी उद्या कारखान्यात गेली, तर तिथे तिचे मोल ठरेल ते रेघ आणि वाट यांतला फरक ओळखण्यावर. ती ओळख द्यायला महागडे यंत्र लागत नाही. कंपास, पट्टी आणि पुठ्ठ्याची एक चकती पुरते.