मुक्त शिक्षण आणि आपल्या वस्तीचा वाटा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला होता 'शिक्षणाचे महत्त्व'. तो आम्ही नम्रपणे बाजूला ठेवला. ज्या वस्तीत आया-बहिणी चार घरची भांडी घासून पोरांच्या फिया भरतात, तिथे शिक्षणाचे महत्त्व आम्ही कोणाला सांगायचे? महत्त्व सगळ्यांना पटलेले आहे. अडचण वाटेची आहे. आज जिकडे तिकडे ऐकू येते की ज्ञान आता खुले झाले, घरबसल्या पदवी मिळते, जगातली पुस्तके फोनवर फुकट आहेत. हे खोटे नाही. पण त्यातले आपल्या गल्लीपर्यंत किती पोचले, याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो आज मांडायचा आहे.

आधीच एक सांगून ठेवतो. आपल्याकडे 'ओपन' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रवेशाची यादी आणि खुला प्रवर्ग येतो. आम्ही ज्या 'ओपन'बद्दल बोलतोय ते वेगळे. इथे खुले म्हणजे ज्याला शिकायचे आहे त्याला वय, दाखला, पैसा, पाळी यांपैकी काहीही आडवे येऊ नये.

ही कल्पना कोणी साहेबाने परवा विमानातून आणलेली नाही. जोतिराव आणि सावित्रीमाईंनी १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिरावांनी जे निवेदन दिले त्यातला मुद्दा असा, की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून जमतो आणि तो खर्च होतो वरच्या थरातल्या मुलांच्या उच्च शिक्षणावर. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. तिथले वर्ग सकाळच्या वेळेत भरवले. कशासाठी? तर नोकरी करणाऱ्या पोराला शिकून कामावर जाता यावे म्हणून. माणसाच्या वेळेप्रमाणे कॉलेजची वेळ ठरवली, बघा! आम्हाला विचाराल तर मुक्त शिक्षणाचा सगळा अर्थ या एका गोष्टीत आला.

आणखी एक गोष्ट आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषणातला मजकूर पसंत पडेना म्हणून परिषदच रद्द केली. बाबासाहेब गप्प बसले नाहीत. ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. दुसरी आवृत्ती १९३७ ला निघाली तोवर गुजराती आणि तमिळ भाषांतरे झाली होती, मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळमचे काम चालू होते. विचार एका सभागृहात अडवला गेला, तो सहा भाषांच्या वाटेने लोकांत गेला. इंग्रजी येते त्यांनी वाचावे, बाकीच्यांनी नुसते ऐकावे, असा प्रकार राहिला नाही.

विलायतेतही असेच झाले. तिथे १९६९ साली ओपन युनिव्हर्सिटी स्थापन झाली आणि १९७१ पासून शिकवायला लागली. प्रवेशाला कसलाही दाखला लागत नव्हता. ते विद्यापीठ व्हावे म्हणून सरकारात भांडणाऱ्या मंत्री जेनी ली या कोळसा खाणीतल्या कामगाराची लेक होत्या. आपल्या देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला झाले, त्याला १९९१ पासून बाबासाहेबांचे नाव आहे. १९८५ ला दिल्लीचे इंदिरा गांधी विद्यापीठ झाले आणि १ जुलै १९८९ ला नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. राम ताकवले सर त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे बोधवाक्य तुम्ही पुष्कळांनी पाहिले असेल.

ही गंगा गिरणीत कशी आली ते सांगतो. आम्ही सूतगिरणीत रिंगखात्यातली माणसे. शाळा आठवीला, नववीला सुटलेली. नाशिकच्या विद्यापीठाने दहावी-बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला होता. अठरा वर्षे पूर्ण आणि मराठी लिहिता-वाचता येणे, एवढेच लागत होते. १९९६ साली आम्ही खात्यातले चौघेजण अर्ज भरायला गेलो. अभ्यास केंद्र कोणते, ते सांगत नाही. खिडकीवरच्या माणसाने पहिलाच प्रश्न केला, दहावीचा दाखला कुठाय? आम्ही म्हटले, साहेब, माहितीपुस्तिकेत दाखला लागत नाही असे छापले आहे. त्याने पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. परत पाठवले. तिसऱ्या खेपेला युनियनचा एक शिकलेला माणूस बरोबर नेला तेव्हा अर्ज घेतले. कायद्याने दार उघडे होते, पण खिडकीवरच्या माणसाला ते उघडलेले दिसत नव्हते.

पुढे गंमत अशी, की मार्गदर्शनाचे तास रविवारी आणि आमची गिरणीची सुट्टी बुधवारी! विजेच्या सोयीसाठी कारखान्यांच्या सुट्ट्या वाटून दिलेल्या असतात, हे पाळीतल्या माणसाला सांगायला नको. मग चौघांनी ठरवले, दर रविवारी दोघांनी पाळी बदलून तासाला जायचे, वही भरून आणायची आणि बुधवारी इथे, याच विहाराच्या ओट्यावर उरलेल्या दोघांना समजावून सांगायचे. तेव्हा विहारावर पत्रा होता. समजावताना असे ध्यानात यायचे की जे आपण समजलो म्हणतो ते निम्मे समजलेलेच नाही, मग पुन्हा पुस्तक उघडायचे. चौघांतले तिघे पदवीधर झालो. चौथा उत्तम शिकत होता, पण दुसऱ्या वर्षी त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि पुस्तके पेटीत गेली. पुस्तके चांगली होती हो. साध्या मराठीत होती. पण पुस्तकाने शिकवले म्हणावे तर आम्हाला शिकवले त्या ओट्याने.

आता आजचे पाहू. आज फुकट शिकायची साधने इतकी आहेत की आमच्या वेळी कोणी सांगितले असते तर थट्टा वाटली असती. सरकारचे 'स्वयम' २०१७ पासून चालू आहे, त्यावर मोठमोठ्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट बघता येतात, परीक्षेला बसायचे तर फी पडते. २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सत्रातल्या विषयांपैकी चाळीस टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून करून त्याचे श्रेयांक कॉलेजने धरता येतात. आपल्या किती पोरांना हे कॉलेजात कोणी सांगितले? 'शोधगंगा'वर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध कोणालाही वाचायला ठेवले आहेत. आपल्या चळवळीवर, दलित साहित्यावर मराठीत लिहिलेले प्रबंधही तिथे आहेत. मराठी विश्वकोशाचे खंड फोनवर उघडतात.

मग अडते कुठे? मागच्या वर्षीची गोष्ट. आपल्याच वस्तीतली एक सून मुक्त विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. नाव घेत नाही, ती इथे बसली असेल. पुस्तके फोनमध्ये आली. फोन घरात एकच, तो नवऱ्याबरोबर कामावर जातो आणि रात्री नऊला परत येतो. नऊ वाजता स्वयंपाक, भांडी, पोराचा अभ्यास. गृहपाठाची तारीख निघून गेली, वर्ष गेले. कागदावर तिच्यासाठी सगळे खुले होते. २०२० च्या टाळेबंदीत तर आपण सगळ्यांनी पाहिले, तीन भावंडांत एक फोन आणि तो पहिल्यांदा मुलाच्या हातात, मग मुलीच्या. बाहेरच्या भेदावर बोलताना घरातला हा भेदही बोलावा लागेल. मंचावर बसलेल्या पुरुषांनी जरा जास्तच.

दुसरी अडचण भाषेची. फुकट आहे त्यातले बहुतेक इंग्रजीत आहे. दूर कशाला, बाबासाहेबांचेच घ्या. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड काढले, वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य घातले. वीसाच्या वर खंड आहेत आणि सरकारी संकेतस्थळावर ते फुकट मिळतात. पण मराठीतले मुख्यतः अठरा ते वीस हेच. बाकी इंग्रजी. छापील खंडांचे काम इतके रखडले की २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्यांच्यासाठी त्यांनी लिहिले त्यांच्या घरात फोटो आहे, पुस्तक नाही, असल्यास वाचता येत नाही. दर पंधरा दिवसांनी एक प्रकरण इंग्रजी येणाऱ्या पोराने मोठ्याने वाचून मराठीत सांगावे, एवढे तरी आपल्या हातात आहे की नाही?

तिसरी गोष्ट पैशाची. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ ला 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांना सहा हजार कोटी रुपये. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार संशोधन नियतकालिके सहा हजार तीनशेहून अधिक संस्थांतल्या सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी-शिक्षकांना वाचता येणार. चांगलीच गोष्ट आहे, आम्ही तिचे स्वागत करतो. पण संस्था कोणत्या, तर सरकारी व्यवस्थापनाखालच्या. आपल्या वस्तीतली पुष्कळ पोरे विनाअनुदानित कॉलेजात आहेत. ती बाहेर. विहाराचे वाचनालय बाहेर. गिरणीतून निवृत्त झालेल्या माणसाला सुताच्या धुळीने होणाऱ्या दम्यावर काय संशोधन झाले ते वाचायचे असेल तर तोही बाहेर. काडेपेटीवरसुद्धा कर आपणही भरतो. जोतिरावांचा १८८२ चा मुद्दा ध्यानात ठेवा म्हटले ते याचसाठी.

आणि आता ज्या गोष्टीवर आमचा सगळ्यात जास्त जीव आहे ती. आतापर्यंत आपण घेण्याबद्दल बोललो. पण ज्ञानाच्या या सामाईक कोठारात आपले काय आहे? जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगाव फिरून बायकांच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या आया-आज्यांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण संग्रहाने त्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या, गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव देऊन. हे नाव देणे फार मोठे आहे. निरक्षर म्हणून जिची नोंद झाली ती बाई आता विद्यापीठातल्या संशोधकाला शिकवते आहे. नाहीतर आपल्याकडून आजवर गाणे नेले, कसब नेले आणि नाव मात्र नेणाऱ्याचे लागले. तसल्या खुलेपणाला आमचा नमस्कार! विचारून न्या, नाव लावा, आणि जे कराल ते आम्हाला वाचायला परत द्या.

आपल्या एका विद्यार्थिनीने मराठी विकिपीडियावर या वस्तीचा इतिहास लिहायला घेतला होता. १९५६ नंतर इथे विहार कसे झाले, पाण्याच्या नळासाठी मोर्चा कोणी नेला, सगळे तिने म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिले. तिथे विचारणा झाली की याला छापील आधार काय? आधार नाही. नियम चूक आहे असे आम्ही म्हणत नाही, नाहीतर कोणीही काहीही लिहील. पण ज्यांचे कोणी छापलेच नाही त्यांचा इतिहास मग कुठून यायचा? तो अशा स्मरणिकांत असतो. आणि आपल्या स्मरणिकांचे काय होते? जाहिरातदाराला एक प्रत, पाहुण्याला एक प्रत, उरलेल्या माळ्यावर. काहींवर वर्षसुद्धा छापलेले नाही. लेखाखाली 'एक कार्यकर्ता'. कोण कार्यकर्ता?

म्हणून समितीला हात जोडून विनंती आहे. राग मानू नये. दर वर्षी मंडप, लायटिंग आणि आवाजाच्या भिंतींवर आपण किती खर्च करतो हे जमाखर्चात छापलेलेच असते. त्यातला निम्मा खर्च यंदापासून विहाराच्या मागच्या खोलीला लावावा. दोन जुने संगणक, नेट, बसायला सतरंज्या आणि रात्री अकरापर्यंत दिवा. रोज संध्याकाळी सात ते नऊ ती खोली फक्त बायकांसाठी असावी, लहान पोरांना सांभाळायला महिला मंडळाने पाळी लावावी. मुक्त विद्यापीठाचे अर्ज सुटतील तेव्हा खिडकीपर्यंत सोबत जायला आम्ही तिघे आहोत. माहितीपुस्तिका घेऊनच जाऊ! या स्मरणिकेवर वर्ष, पत्ता आणि प्रत्येक लेखकाचे पूर्ण नाव छापावे, आणि पाच प्रती शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयात व कॉलेजांच्या ग्रंथालयांत पोच घेऊन द्याव्यात.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर आम्ही मागच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांच्या घरी जुन्या स्मरणिका, हँडबिले, मोर्चांचे फोटो, भीमगीतांच्या वह्या असतील त्यांनी आणाव्यात. पोरे त्यांचे फोटो काढून जपून ठेवतील, वस्तू तिथल्या तिथे परत मिळेल. फोटोत कोण कोण आहे ते सांगायला घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही घेऊन या, चहाची व्यवस्था केलेली आहे.

जयभीम, नमो बुद्धाय.