आधी दस्ता बसवा
श्रोतेहो, आपल्या मापाची बंदूक असावी ही हौस मला कळते. पण परवान्याशिवाय ती बनवणे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. भिवंडीत लेथ पुष्कळ. तिथे कातलेली नळी फुटली, तर डोळा जातो झाडणाऱ्याचाच.

हौस भागते नेमबाजीच्या एअर रायफलवर, क्लबात. नवखे महागड्या नळीमागे धावतात. मी म्हणेन, आधी दस्ता अंगाला बसवा. रिकामी रायफल डोळे मिटून खांद्याला लावा, मग उघडा. छिद्रातून पाहायला मान ताणावी लागते? गालाखालची फळी वरखाली करा, खांद्याची पट्टी पुढेमागे.

पॅरिसला २०२४ साली ब्राँझ मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे गुडघ्यावर, पालथा आणि उभा नेम धरतो. अशी जुळवणी प्रत्येक स्थितीला वेगळी लागते. तुमची मापे वहीत लिहून ठेवा.