कारवानी कुत्रा

श्रोतेहो, लातूर-सोलापूरकडच्या आपल्या मंडळींना हा कुत्रा काही नवा नाही. उंच पाय, दिसणाऱ्या बरगड्या, आत गेलेले पोट. परगावचा पाहुणा विचारतो, "काय हो, खायला घालत नाही का याला?" पण तो उपाशी नसतो, बरं का. त्याची ठेवणच तशी.

कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. पश्चिम व मध्य आशियातल्या तांड्यांबरोबर, फौजांबरोबर याचे पूर्वज दख्खनेत आले असे मानतात. तिकडच्या सालुकीशी याचे रूप जुळतेही. कानांवर, शेपटीवर रेशमी केस असले की तो 'पश्मी'. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोपासना केली, म्हणून कर्नाटकात तो 'मुधोळ'.

नर साधारण २७ ते २९ इंच उंच, मादी थोडी कमी. हा वासाने माग काढणारा नव्हे, नजरेने सावज हेरणारा. डोके लांबट, अरुंद. त्यामुळे डोळ्यांना आजूबाजूचेही पुष्कळ दिसते. छाती खोल, म्हणजे हृदयाला नि फुप्फुसांना ऐसपैस जागा. पोट वर ओढलेले, म्हणून धावताना मागचे पाय पोटाखालून पार पुढे येतात. पाठ कमानीसारखी वाकते नि सुटते, आणि एका झेपेत दोनदा चारही पाय जमीन सोडतात! शिक्षकबंधूंनो, हा धावताना मुलांना जरूर दाखवा. मात्र लांबूनच, परक्याचा हात याला खपत नाही.

पूर्वी याचे काम सशाच्या शिकारीचे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद झाली, ते योग्यच झाले. पण कुत्र्याचे काम गेले, राहिला पिल्लांचा बाजार. अधिक वेगासाठी कोणी त्यात ग्रेहाउंड मिसळतो. मग आपल्या उन्हाला नि मुरमाड रानाला टिकणारे पिढ्यांचे रक्त पातळ होते. २००५ साली टपाल खात्याने मुधोळचे तिकीट काढले, २०१६ साली लष्करानेही ही पिल्ले नेली. तिकडे मान मिळाला खरा, पण इकडे वस्तीवर कोणते पिल्लू कोणाचे, हे कोणी लिहून ठेवत नाही.

तेव्हा पिल्लू घ्यायचे तर आई-बाप दोन्ही डोळ्यांनी पाहा, वहीत त्यांची नोंद करा. दिवसभर साखळीला बांधू नका. याला रोज मोकळे धावायला हवे. आणि रेबीजची लस तेवढी वेळेवर टोचून घ्या.