चित्रकथा आणि त्या काढणारे हात

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की संतवाङ्मय, आहारशास्त्र किंवा कुणाची चारधाम यात्रा, असा आपल्याकडचा रिवाज आहे. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘कॉमिक्स’ म्हटले, आणि त्यांनी तो दोनदा विचारून खात्री करून घेतली. साठी उलटलेल्या, घरात नातवंडे खेळणाऱ्या बाईने चित्रांच्या पुस्तकांवर बोलावे हे जरा चमत्कारिक खरेच. पण माझा त्यात एक स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकते. आपल्या वाचनालयाच्या कपाटात एक खण चित्रकथांसाठी मोकळा करावा, असा माझा अर्ज कार्यकारिणीपुढे आहे. त्यावर दोन मते पडली. एक मत असे की, मुले आधीच वाचत नाहीत, त्यात चित्रे हाती दिली तर अक्षराकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. दुसरे मत असे की, मंडळाच्या वर्गणीतून घ्यायची ती ‘चांगली’ पुस्तके घ्यावीत. आजचे माझे बोलणे ही त्या अर्जाची पुरवणी समजा.

मी चित्रकथा वाचू लागले ती दुसरी-तिसरीत असताना. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाड्याने पुस्तके देणारे एक दुकान होते. दुकान म्हणजे काय, एक फळी आणि दोरीवर टांगलेली पुस्तके. त्या दोरीवर इंद्रजाल कॉमिक्स असत. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी मार्च १९६४ मध्ये ही माला सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली. मराठीतही ती निघे. अमेरिकेतला फँटम आपल्याकडे वेताळ होऊन आला. जांभळ्या कपड्यांचा, कवटीच्या गुहेत राहणारा, मुक्का मारला की समोरच्याच्या हनुवटीवर कवटीचा ठसा उमटविणारा! ही कथा ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत सुरू केली. गंमत पाहा, त्यातल्या ‘बंगाला’ देशाच्या नावाने इथे बंगालची आठवण होऊन गैरसमज नको, म्हणून इंद्रजालवाल्यांनी त्याचे ‘डेंकाली’ करून टाकले होते.

त्या वयात मला गोष्टीपलीकडे काही कळत नव्हते. पण एक खटकू लागले. एका अंकात वेताळाचा चेहरा सपाट, जणू कागदातून कातरून काढलेला. दुसऱ्या अंकात तोच वेताळ भरदार, खांद्यावर सावली, गुहेत खरा अंधार. हा फरक कशाचा, असे मी घरी विचारले तर ‘छपाईचा’ म्हणून उत्तर मिळाले. पुष्कळ वर्षांनी कळले की तो फरक हातांचा होता. पहिल्याने रे मूर, त्यांच्यामागून विल्सन मॅकॉय आणि १९६१ पासून १९९४ पर्यंत साय बॅरी, अशा तिघांनी मिळून एकच माणूस जवळजवळ ६० वर्षे काढला. तो साधा, सपाट वेताळ मॅकॉय यांचा. भरदार तो बॅरी यांचा. गोष्ट लिहिणारा तोच राहिला आणि काढणारा बदलला की गोष्टही बदलते, हे मी त्या दोरीवरच्या पुस्तकांत शिकले. (वेताळाने त्याच्या डायनाला किती वर्षे ताटकळत ठेवले ठाऊक आहे? दोघांची ओळख १९३६ ची, लग्न १९७७ साली! आपल्याकडच्या कुठल्याही मुलीच्या बापाने इतका धीर धरला नसता.)

आज मागे वळून पाहताना हेही दिसते की आफ्रिकेच्या जंगलातल्या सगळ्यांनी एका गोऱ्या माणसापुढे मान तुकवायची, ही त्या कथेतली मोठी खोट आहे. म्हणून १९७६ साली इंद्रजालमध्येच ‘बहादूर’ आला तेव्हा मला फार आनंद झाला होता. आबिद सुरती यांनी तो रचला आणि चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. हेच गोविंद इंद्रजालची सुरुवातीची मुखपृष्ठे रंगवीत असत. भगवा कुडता आणि खाली जीन्स असा आपला माणूस, दरोडेखोरांशी झुंजणारा, आणि त्याच्या बरोबरीने दोन हात करणारी बेला. झाडाला बांधून ठेवलेली नायिका पाहून कंटाळलेल्या आम्हा मुलींना बेला फार आवडे.

आता अमर चित्रकथेकडे येते, कारण माझा अर्ज मुख्यतः तिच्यासाठी आहे. अनंत पै हे मूळचे कारकळचे. इंद्रजालचे काम तेही पाहत असत. १९६७ साली दिल्लीत त्यांनी दूरदर्शनवर एक प्रश्नमंजूषा पाहिली. मुलांना ग्रीक देवांची नावे येत होती, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, अशी हकीकत ते सांगत. त्याच वर्षी इंडिया बुक हाऊसने ही माला हाती घेतली. पहिले १० अंक परदेशी परीकथांचे होते. ११ वा अंक ‘कृष्ण’, आणि खरी अमर चित्रकथा तिथून सुरू झाली असे मी मानते. सुरुवातीला खर्च परवडत नव्हता म्हणून चित्रे पिवळ्या, निळ्या आणि हिरव्या रंगांतच छापीत. सगळे रंग मागाहून आले. पुढे या मालेत ४०० हून अधिक पुस्तके निघाली. अनंत पै २०११ साली गेले. ‘अंकल पै’ हे नाव मुलामुलांच्या तोंडी होते, आणि ते योग्यच होते. पण चित्रे काढणाऱ्यांची नावे मात्र आतल्या पानावर बारीक अक्षरांत. ती कुणी वाचीत नसे. मी वाचू लागले.

ती वाचता वाचता ध्यानात आले की यातले किती हात आपले, मराठी आहेत! तो ‘कृष्ण’ काढला राम वाईरकरांनी. त्यांची चौकट कधी गप्प बसलेली नसते. मुख्य माणूस बोलत असतो तेव्हा मागे एखादी गवळण घागर सावरत असते, एखादे पोर गायीच्या शेपटाशी खेळत असते. पुढे १९८० साली ‘टिंकल’ निघाले आणि १९८३ पासून त्यात वाईरकरांनीच सुप्पांडी काढला. कृष्ण आणि सुप्पांडी एकाच हातचे, हे सांगितले तर खरे वाटत नाही. पण दोघांच्या बोटांकडे पाहा. तीच बोलकी बोटे! वाईरकरांच्या पश्चात सुप्पांडी त्यांच्या कन्येने, अर्चना आंबेरकर यांनी काढला. बापाचा कुंचला लेकीने चालविला, याची बातमी आपल्या महिलादिनाच्या पत्रकात यायला काय हरकत होती?

पुण्याच्या प्रताप मुळीकांचा हात निराळा. ‘शिवाजी’ त्यांचा. त्याची संहिता लिहिली होती आपल्या भा. रा. भागवतांनी, होय, फास्टर फेणेचे भागवत. मुळीकांचे घोडे, मावळ्यांचे दंड, रात्रीच्या किल्ल्याची काळी कड पाहून घ्यावी. शाई जपून वापरणारे ते नव्हेत. अर्धी चौकट काळीभोर ठेवायची आणि उरलेल्या उजेडात माणूस उभा करायचा, ही त्यांची धाटणी. त्यांच्याच परंपरेतले दिलीप कदम. ४२ भागांचे ‘महाभारत’ त्यांनी काढले. ४२ भाग म्हणजे हजाराहून अधिक पाने, आणि तीच तीच शेकडो माणसे तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत ओळखू येतील अशी काढायची! आपण एका रांगोळीत दोन मोर सारखे काढताना किती वेळा पुसतो, ते आठवा.

आणि युसूफ लियन. त्यांची ‘मीराबाई’ मी आजवर कितीदा पाहिली असेन, सांगता येणार नाही. जुन्या राजस्थानी चित्रांत असते तशी महिरप, झाड, चंद्र यांची मांडणी, आणि त्यात एकटी मीरा. इतर चित्रकथांतल्या बाया सिनेमातल्या नायिकांसारख्या दिसतात, हा माझा जुना राग. युसूफ यांची मीरा तशी दिसत नाही. ती कुणासाठी नटलेली नाही.

टिंकलमधले वसंत हळबे यांचा शिकारी शंभू, प्रदीप साठे यांचा कालिया कावळा, अशोक डोंगरे यांचा तंत्री मंत्री यांची नावे घेऊन पुढे जाते. शंभूचे डोळे टोपीखाली झाकलेले, ते कधी दिसत नाहीत. डोळे न दाखवता भित्रेपणा दाखवायचा! हळबे तो गुडघ्यांतून आणि पावलांतून दाखवीत.

आता ‘चित्रे पाहून मुले वाचणार नाहीत’ या मताकडे वळते. माझ्या सासूबाई जेमतेम दुसरी शिकलेल्या. रामविजय, हरिविजय त्या पोथीच्या ठेक्यात म्हणत, पण वर्तमानपत्र हाती घेत नसत. बारीक अक्षर आणि लांब वाक्ये त्यांना जमत नसत. माझा मुलगा पाच-सहा वर्षांचा असताना त्याने अमर चित्रकथा त्यांच्या मांडीवर आणून टाकली. फुग्यातले वाक्य लहान, कोण बोलते आहे ते चित्रात स्पष्ट. त्या अक्षर जुळवीत वाचू लागल्या. मुलगा पान उलटायची घाई करी आणि त्या ‘थांब रे, द्रोणाचार्य अजून बोलतायत’ म्हणून पान धरून ठेवीत. मधेच ‘पोथीत असं नाहीये हो’ म्हणून पुस्तकाशी भांडत. त्या दोघांतले कोण कुणाला वाचायला शिकवीत होते ते मला आजही सांगता येत नाही. पुढे त्या वर्तमानपत्राचे मथळे वाचू लागल्या आणि मुलगा जाड पुस्तकांकडे गेला. चित्रकथेच्या पानावर अक्षर थोडे असते म्हणून ते पुरते वाचले जाते, एवढेच मी पाहिले आहे. आमच्या घराबाहेरचे मला सांगता येणार नाही.

‘चांगली पुस्तके’ या दुसऱ्या मताला मात्र मी अधिक मान देते. अमर चित्रकथेत सगळे निर्मळ आहे असे मी म्हणणार नाही. असुर काळे आणि देव गोरे, हे पानोपानी आहे. आपल्या सावळ्या मुलींनी ते पाहून काय समजावे? आणि ‘पद्मिनी’. लहानपणी मी ती भारावून वाचली होती. १९८७ साली राजस्थानात देवराळा येथे रूपकुंवर या १८ वर्षांच्या मुलीचा नवऱ्याच्या चितेवर अंत झाला. ती बातमी वाचल्यावर मी ट्रंकेतून ‘पद्मिनी’ काढली आणि शेवटची पाने पुन्हा पाहिली. ज्वाला फार सुंदर काढल्या आहेत. तेच मला सोसेना. आगीत जाणाऱ्या बाईचे चित्र सुंदर असावे, हे ठरविले कुणी?

तरीही ते पुस्तक मी फाडले नाही आणि आपल्या कपाटातही ते असावे असेच मी म्हणते. फक्त मुलीच्या हाती एकटे देऊ नये, तिच्या शेजारी बसावे. कारण त्याच मालेत ‘झाशीची राणी’ आहे, ‘अहल्याबाई होळकर’ आहे, ‘रझिया सुलताना’, ‘राणी दुर्गावती’ आहे. झाशीच्या राणीची चित्रे हेमा जोशी यांनी काढली आणि संहिता माला सिंग यांची. एका लढवय्या बाईची गोष्ट दोन बायांनी केली. कमला चंद्रकांत, मीरा उग्रा, मार्गी शास्त्री अशा कितीतरी जणींनी या मालेसाठी लिहिले. यांची नावे आपल्यापैकी कुणी ऐकली होती? मी काही वाचनालयांत चौकशी केली, तर ही पुस्तके ‘बालविभाग, किरकोळ’ या नोंदीखाली आढळली; चित्रकाराचे नाव कुठल्याच वहीत नव्हते. आपल्या वहीत तो एक रकाना वाढवावा, लेखक, चित्रकार आणि मग किंमत, एवढी माझी विनंती आहे.

पैशाचा प्रश्न मी उभा करीत नाही. माझ्याकडे दोन पत्र्याच्या ट्रंका भरून अंक आहेत. त्यांपैकी दुहेरी आहेत ते सगळे मंडळाला देईन. तुमच्यापैकी अनेकींच्या माळ्यावर मुलांच्या वेळचे गठ्ठे असतील. दिवाळीच्या सफाईत ते रद्दीवाल्याच्या तराजूत जाण्याआधी मला एक निरोप धाडा. फाटलेले चालतील, मुखपृष्ठ नसलेले चालतील, मिशा काढलेले तर नक्कीच चालतील. अंकांच्या पिना गंजतात आणि कागद खातात. त्या काढून दोऱ्याने शिवावे लागते. शिवणवर्गाच्या मुली त्यासाठी तयार आहेत. येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता मी मंडळाच्या खोलीत गव्हाच्या पिठाची खळ करून ठेवते. येताना जाड सुई आणि पांढरा दोरा आणावा.