पाठीवर झोळी, पायाखाली जांभा

ग्वाटेमाला या मध्य अमेरिकेतील लहानशा देशात दरवर्षी कितीतरी तरुण पाठीवर भली थोरली झोळी बांधून उतरतात. रात्री आकातेनांगो पर्वताच्या उतारावर मुक्काम करून समोरच्या फ्वेगो ज्वालामुखीतून उसळणारे निखारे पाहावयाचे आणि मग उत्तरेकडील अरण्यात तिकाल येथील माया लोकांची पडकी देवळे धुंडाळावयाची, असा त्यांचा क्रम असतो. त्यांचेच भाईबंद हिवाळ्यात पेडणे तालुक्यातील हरमलच्या किनाऱ्यावरही येतात. परंतु येथे खाली ठेवलेली झोळी परतीच्या दिवशीच उचलली जाते. गोव्यात समुद्रावाचून पाहावयाचे काही नाही, अशी त्यांची समजूत कोणी करून दिली? बहुधा गोमंतकीयांनीच.

ज्वालामुखी गोव्यात नाही, हे खरे. सह्याद्रीचा काळा पत्थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. पण त्याचा गोव्याच्या वाट्यास आलेला भाग ईशान्येकडील कोपऱ्यापुरताच. पेडणे आणि डिचोलीत पायाखाली असतो तो तांबडा, सच्छिद्र जांभा. खणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो. वाराऊन लागले की तो टणक होतो. घर, विहीर, कोट, लेणे, सारे याच दगडाचे. हा दगड ओळखू लागला की पायी चालणाऱ्यास पुढची वाट आपोआप वाचता येते.

चालावयास आरंभ तेरेखोलपासून करावा. नदीच्या उत्तर तीरावर, सिंधुदुर्ग जिल्ह्याला लागून हा चिमुकला किल्ला उभा आहे. सावंतवाडीकर भोसल्यांनी तो बांधला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. आत सेंट अँथनीचे चर्च आहे. १९५४ च्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींनी याच तटावर तिरंगा फडकविला होता. फेरीबोटीने केरीस उतरून दक्षिणेकडे निघाले की हरमलचे गोड्या पाण्याचे तळे लागते. समुद्राच्या इतक्या निकट गोडे पाणी, हे एक नवलच. तेथून आत वळून पेडणे गावात भगवतीच्या देवळापुढील दगडी हत्तींची जोडी पाहावी आणि हळर्णचा रस्ता धरावा.

हळर्णचा कोट फारसा कोणी पाहत नाही. नदीकाठच्या झाडीत तो असा दडला आहे की, जवळ जाईपर्यंत दिसू नये. हाही भोसल्यांचाच. १७४६ च्या मे महिन्यात व्हाइसरॉय मार्केस द कास्तेलु नोव्हू याने तो जिंकला आणि त्या पराक्रमाबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्यास ‘आलोर्नाचा मार्केस’ हा किताब दिला. आलोर्ना म्हणजे आपले हळर्ण! पुढे याच घराण्यातील लिओनोर द आल्मेदा ही कवयित्री ‘मार्केझा द आलोर्ना’ या नावानेच पोर्तुगीज साहित्यात गाजली. पेडण्यातील एका खेड्याचे नाव लिस्बनच्या दरबारात मिरवत होते, तेव्हा खुद्द पेडणे महाल पोर्तुगीज राज्यात कायमचा सामीलही झाला नव्हता. ते घडले १७८८ मध्ये.

येथून डिचोली महालात शिरावयाचे. शिमग्याच्या रात्री जेथे गड्यांची जत्रा भरते ते साळ वाटेवर आहे. पुढे हरवळे येथील लेणी जांभ्यातच कोरलेली असून आत लिंगे आहेत. ती मुळात बौद्धांची की शैवांची, याविषयी पंडितांत वाद आहे. लेण्यांत उभे राहिले की जवळच्या धबधब्याची आठवण पाऊलवाटेलाच होते. पावसाळ्यानंतरचे दोन महिने त्याचे खरे वैभव.

मात्र डिचोलीत मन विषण्ण करणारे दृश्यही पाहावे लागते. शिरगाव, मुळगाव, पाळी या टापूत खनिज लोखंडासाठी डोंगरच्या डोंगर पोखरले गेले आणि जेथे टेकडी होती तेथे हिरव्या पाण्याने भरलेले खोल खड्डे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये खाणकाम थांबविले, २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत काम पुन्हा सुरू झाले. पेडण्यात मोपच्या सड्यावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरतात. खाणीने पोट भरले, विमानतळाने रोजगार आणला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कोट ढासळला तर तो पुन्हा बांधता येतो, डोंगर बांधता येत नाही.

शेवटचा मुक्काम नार्वे. तिकालमध्ये तारीख कोरलेला शेवटचा शिलास्तंभ इ. स. ८६९ चा, त्यानंतर लोकांनी नगर सोडले, देवळे मागे राहिली. माया लोक मात्र नाहीसे झाले नाहीत, ते आजही ग्वाटेमालात लाखोंनी नांदतात आणि त्या पडक्या देवळांपुढे पूजा करतात. नार्व्याची कथा उलटी आहे. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे दिवाडी बेटावरचे. चौदाव्या शतकात बहामनी सैन्याने देऊळ पाडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडले. लिंग विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी लावले होते, असे सांगतात. तेथून ते भाविकांनी नदीपार डिचोलीत आणले. १६६८ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. तो शिलालेख दारावर आहे. २०२३ मध्ये शासनाने या वास्तूची डागडुजी पुरी केली. लोकांनी येथे भग्नावशेष मागे टाकले आणि देव बरोबर नेला.

देवळापासून थोडे उतरले की फेरीबोटीचा धक्का. पलीकडे दिवाडी बेटावरही गावाचे नाव नार्वेच. तेथे कांदेलारियाचे कपेल आहे आणि जवळच झाडीत कोटीतीर्थाच्या पायऱ्या, त्याच जांभ्याच्या.